आपण हौशी

पैशाचा विषय निघाला की सर शिट्टी तोंडात धरायचे. वाजवायचे नाहीत, नुसती दातांत धरून समोरच्याकडं बघत राहायचे. तोंडात शिट्टी असलेल्या माणसाला उत्तर द्यावं लागत नाही, हे त्यांनी फार लवकर ओळखलं असावं. समोरचा बोलून बोलून थकला, की शिट्टी काढायची, शर्टाला पुसायची आणि म्हणायचं, "भाऊसाहेब, आपण हौशी!"

बारामतीजवळच्या ज्या कॉलेजात मी कारकुनी केली, तिथं ते क्रीडा विभागाचे प्रमुख होते. आमच्याकडं कारकुनाला भाऊसाहेब म्हणतात. या मानाला पैसे पडत नाहीत, त्यामुळं सगळे तो सढळ हातानं देतात. मी रोज इंदापुरातून एसटीनं यायचो. त्यांचा जिमखाना आणि माझं टेबल यांच्यामध्ये प्लायवूडची एक भिंत होती, आणि भिंतीच्या वर फूटभर मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेतून त्यांचा आवाज, त्यांच्या मलमाचा वास आणि त्यांची तत्त्वं अशी तीन गोष्टींची आवक अठरा वर्षं माझ्याकडं होत होती.

तुमच्याही कॉलेजात असा एक माणूस असणार, जरा आठवून बघा. पांढरेशुभ्र बूट, ज्यांना मैदानाची माती कधी लागलेली नाही. नवा ट्रॅकसूट, ज्यात पळायचं सोडून बाकी सगळं केलेलं आहे. जिंकल्यानंतरच्या प्रत्येक फोटोत बरोबर मध्यभागी, ढाल पोटाशी घट्ट धरलेली. ज्यानं सामना जिंकून दिला तो खेळाडू त्या फोटोत कडेला असतो आणि त्याचा एक खांदा कापलेला असतो. माझ्याकडं असे बारा फोटो आहेत. बाराही फोटोंत सर तसेच हसताहेत.

मला ते आवडायचे नाहीत, हे आत्ताच सांगून टाकतो. गेलेल्या दिवसांबद्दल लिहिताना माणसं उगाच गोड होतात. माझा तसा इरादा नाही.

दर वर्षी जुलैत नव्या खेळाडूंपुढं त्यांचं भाषण व्हायचं. मला ते पाठ झालं होतं. "खेळाडूला पैसा दाखवला की तो खेळाडू राहत नाही, मजूर होतो. आपल्याला मजूर नकोत. आपल्याला कॉलेजचं नाव करायचंय." मग प्रत्येकाला दोन केळी आणि एक चिक्की. पोरं सकाळी साडेपाचला मैदानावर यायची. कुणी धारा काढून यायचं, कुणी उसाला पाणी देऊन. संध्याकाळी पुन्हा दोन तास. त्यातलं कुणी एक दिवस चुकलं, तर सर माझ्याकडं येऊन म्हणायचे, "भाऊसाहेब, याची फी-सवलत थांबवा जरा. शिस्त लागू दे."

एकदा मी विचारलं, "सर, रोज चार तास राबतात पोरं. महिन्याला थोडंफार काही द्यावं की कॉलेजनं. जाहिरात तर त्यांच्या जिवावर चालते."

शिट्टी तोंडात गेली. मी थांबलो नाही तेव्हा बाहेर आली.

"मग उद्या म्हणतील पीएफ कापा. परवा म्हणतील दिवाळीचा बोनस द्या."

"तुम्हाला मिळतो की पगार."

"मी नोकरी करतो."

"आणि ती पोरं काय करतात?"

"ती खेळतात," ते म्हणाले, आणि इतक्या मनापासून म्हणाले की मी परत माझ्या टेबलाकडं गेलो.

यातली खरी गंमत पुढंच आहे. सरांची बढती झाली, तेव्हा त्या प्रस्तावाला कॉलेजनं जिंकलेल्या ढालींची यादी जोडली होती. ती यादी मीच टाइप केली. त्यात ढाल होती, वर्ष होतं, मार्गदर्शक म्हणून सरांचं नाव होतं. खेळाडूंच्या नावांना रकानाच नव्हता. मी विचारलं, तर म्हणाले, "कशाला? गर्दी होते."

आता कोमलबद्दल सांगायला हवं. नाव कोमल असलेली ही मुलगी पणदऱ्याची. घरी थोडा ऊस, तीन गाई आणि गाईंपेक्षाही जास्त राबणारी आई. कोमल कबड्डीत उजव्या कोपऱ्याला उभी राहायची. चढाई करायला आलेल्या मुलीचा घोटा तिच्या हातात एकदा आला, की ती मुलगी परत आपल्या भागात जायची ती उठून, कपडे झटकत आणि बाद होऊनच. सरांनी तिला शाळेच्या सामन्यात हेरलं. घरी जाऊन तिच्या आईला सांगितलं, "पोरीच्या शिक्षणाची काळजी सोडा. तिला पोलीस करू. खेळाडूंना भरतीत राखीव जागा असतात. आमचं सर्टिफिकेट म्हणजे सोनं."

पोलीस हा शब्द त्या घरात शिरला आणि तिथंच मुक्कामाला राहिला. कोमलच्या आईनं तो मला कितीदा तरी ऐकवला. लग्नाचं विचारायला येणाऱ्यांनाही ती तोच ऐकवायची. "आदी भरती, मंग बाकीचं." आमच्या भागात पहाटे रस्त्यावर पळणारी जी पोरंपोरी दिसतात, ती सगळी भरतीची असतात, हे तुम्हाला सांगायला नको. कोमल त्यांच्यात सगळ्यांच्या पुढं पळायची.

पहिल्याच वर्षी मुलींची ढाल आली. दुसऱ्या वर्षी जूनमध्ये 'प्रवेश सुरू' असा भलामोठा फ्लेक्स बारामतीच्या स्टँडबाहेर लागला. वर संचालकांचे गोल गोल चेहरे, एका कोपऱ्यात सर, आणि खाली कोमल, कुणाच्या तरी पायाला विळखा घातलेली. तिची आई बाजाराला आली होती. ती त्या फ्लेक्सखाली उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, "ही आमची हाय." पुढं पाऊस संपल्यावर तो फ्लेक्स कुणी काढून टाकला, तर कोमलच्या वडिलांनी तो घरी नेऊन गाईंचा चारा मुरवायच्या, मुरघासाच्या खड्ड्यावर अंथरला. फ्लेक्स चांगला जाड होता. कॉलेजकडून त्या घराला मिळालेली ती एकमेव टिकाऊ वस्तू.

त्याच वर्षी उजनीच्या पाण्याकडेच्या एका गावात जत्रेचे सामने होते. आमच्याकडच्या जत्रेतली कबड्डी तुम्ही पाहिली असेल, तर पुढचं समजावून सांगायची गरज नाही. सामना चालू असतो आणि कडेला बसलेला एखादा हौसेला पेटलेला माणूस माइकवाल्याच्या कानात काहीतरी सांगतो. लगेच कर्णा ओरडतो, "ह्या पकडीला बापूरावांकडून पाचशे एक रुपये!" पकड झाली की नोट तिथल्या तिथं खेळाडूच्या हातात. मागून दुसरा कुणी उठतो, कारण बापूरावांनी दिले आणि आपण दिले नाहीत असं कसं चालेल! त्या दिवशी कोमल गावच्या एका संघातून खेळली आणि अख्खं गाव तिच्या घोट्याच्या पकडीवर खूश झालं. साडेतीन हजार रुपये घेऊन ती घरी आली. त्यातून तिनं मॅटवर खेळायचे बूट घेतले. तोवर ती दुसऱ्या मुलीचे बूट मागून घालायची, दीड नंबर मोठे, पुढं कापूस कोंबून.

नवे बूट बघून सरांनी विचारलं. कोमलनं खरं ते सांगितलं. खोटं बोलायचं असतं हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

पलीकडून प्लायवूडवर हात आपटल्याचा आवाज आला. मग सर माझ्या टेबलापुढं उभे राहिले. कपाळ लाल झालेलं. "भाऊसाहेब, उद्या रविवार. तुम्ही इंदापूरचेच. आपण त्या गावाला जायचं. पैसे परत करायचे. तुम्ही साक्षीदार."

मी म्हणालो, "सर, जत्रेतले पैसे कुणी परत करतं का?"

"म्हणूनच करायचे!"

मी गेलो. का गेलो, असं तुम्ही विचाराल. साहेबानं चला म्हटलं की चप्पल शोधायची, एवढंच मला येत होतं. त्यांच्या जुन्या मारुतीत ते पुढं, मी शेजारी, कोमल मागं. सगळ्या वाटेनं ते गाडी चालवत तिला खेळाडूचं चारित्र्य समजावून सांगत होते. कोमल खिडकीतून बाहेर बघत होती. बुटांवर अकराशे रुपये खर्च झाले होते, ते सरांनी स्वतःच्या पाकिटातून घालून साडेतीन हजार पुरे केले होते. हेही मला लिहायला हवं. माणूस पैशाचा लोभी असता तर त्याचा राग करणं किती सोपं गेलं असतं.

गावात जत्रेच्या कमिटीचे तात्या ओट्यावर बसले होते. सरांनी पाकीट पुढं केलं. तात्यांनी ते हातात घेतलं नाही.

"ह्ये काय, सर?"

"आमच्या खेळाडूकडून चूक झाली. आम्ही हौशी. आम्ही पैसे घेत नाही."

"चूक?" तात्यांनी कोमलकडं बघितलं. "ए पोरी, तू चोरी केली का गं?"

कोमलनं नाही म्हणून मान हलवली.

"मंग? सर, पोरीनं सात पकडी केल्या, गाव खूश झालं, गावानं दिलं. भीक न्हाय घातली आमी. आन् दिल्यालं परत घेतलं तर पुढच्या जत्रंला हितं खेळायला कोण यील? तुमी परत न्या ह्ये."

"तत्त्वाचा प्रश्न आहे, तात्या."

"तुमचं तत्त्व तुमच्यापाशी. पोरीच्या घामाचं पैसं तिच्यापाशी ऱ्हाऊ द्या की."

इतकं सरळ उत्तर मला एवढ्या वर्षांत सुचलं नव्हतं. सरांनी शिट्टीसाठी गळ्याशी हात नेला, पण रविवार असल्यामुळं ती गळ्यात नव्हती. आम्ही तसेच परत आलो.

पण कोमलला पैसे मिळाले, असं समजू नका. सोमवारी सरांनी ते पाकीट माझ्यापुढं ठेवलं आणि 'खेळाडू कल्याण निधी' अशी पावती करायला सांगितली. मी केली. पुढच्या जूनचा फ्लेक्स या निधीतून छापला गेला. कोमलचा फोटो त्यावर आणखी मोठा होता. स्वतःच्या पकडींच्या पैशांतून तिनं आमच्या कॉलेजची जाहिरात केली, आणि त्या बिलावर 'मंजुरीस्तव सादर' असं लिहून खाली सही माझी आहे.

तिसऱ्या वर्षी मार्चमध्ये स्पर्धा आमच्याच मैदानावर झाल्या. ऑफिस अर्धा दिवस बंद ठेवून आम्ही सगळे बघायला बसलो. उपांत्य सामन्यात कोमलनं घोटा धरला, वरून तिघी पडल्या आणि तिचा गुडघा आत वळला. ती उठली तेव्हा पाय टेकवत नव्हती. सर धावत गेले. फवारा मारला, पट्टी गुंडाळली. मी दोरीशीच उभा होतो, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"जमेल ना, कोमल? एकच सामना राहिलाय."

"दुखतंय, सर."

"दुखतंच. कॉलेजचं नाव आहे, बाळा. आपल्याला कुणी पैसे देऊन खेळवत नाही, आपण मनानं खेळतो."

ती म्हणाली, "जमंल."

सर आमच्याकडं वळून म्हणाले, "बघा. याला म्हणतात हौस!"

अंतिम सामना ती पट्टी बांधून खेळली. तीन पकडी केल्या. चौथ्या वेळी पाय नुसताच मुडपला आणि ती बाजूला बसली. ढाल आम्हाला मिळाली. त्या फोटोत ती नाहीच. तेव्हा तिला रिक्षात घालत होते.

डॉक्टरांनी सांगितलं, गुडघ्यातलं लिगामेंट तुटलंय. ऑपरेशन येत्या दोन-तीन महिन्यांत केलं आणि नंतर व्यायाम नीट केला, तर पुढच्या वर्षीच्या भरतीला पळेल. उशीर केला तर गुडघा आणखी खराब होईल, मग पळायचं विसरा. सरकारी दवाखान्यात नंबर लागायला कितीही वेळ लागू शकत होता. भरतीला खेळाडूंसाठी राखीव जागा असते, हे खरं. पण त्या जागेवरच्या माणसालाही मैदानात पळून दाखवावंच लागतं. सोन्यासारखं सर्टिफिकेट कोमलच्या हातात होतं. गुडघा तेवढा नव्हता.

तिची आई ऑफिसात आली. खुर्ची दिली तरी बसली नाही.

"भाऊसाहेब, पोरगी कालिजासाठी खेळत हुती. पाय कालिजाच्या मैदानात गेलाय. आता कालिज काय करनार हाय?"

मी म्हणालो, "अर्ज लिहून देतो. सही करा."

विद्यार्थी विम्याचा अर्जही भरला. त्यातून तपासण्यांचा खर्च निघाला. बाकीच्या खर्चाचा अर्ज संचालक मंडळापुढं गेला. ठराव झाला. मीच तो वहीत उतरवला. 'विद्यार्थिनी ही हौशी खेळाडू असल्याने व सेवेत नसल्याने वैद्यकीय खर्चाची तरतूद करता येत नाही. तथापि तिचा शाल-श्रीफळ देऊन यथोचित सन्मान करण्यात यावा.' कोमलच्या घरी शाल आणि नारळ घेऊन शिपाई गेला. तिची आई काय म्हणाली, ते त्यानं मला सांगितलं. इथं लिहिता येणार नाही.

मी सरांना म्हणालो, "तुम्ही तिच्या घरी जाऊन शब्द दिला होता."

"तिला सर्टिफिकेट मिळालंच ना? मी शब्द पाळला." मग म्हणाले, "मलाही वाईट वाटतं हो. पण एकाला दिलं की सगळ्यांना द्यावं लागेल. मग खेळ कुठं राहिला?"

वाईट वाटत होतं, हे खरं असणार. चार दिवस त्यांनी चिक्की खाल्ली नाही.

मेअखेरीला सर निवृत्त होणार होते. जुन्या खेळाडूंनी सत्कार ठरवला आणि थैली द्यायची म्हणून वर्गणी काढली. त्यातले कुणी फौजदार झाले होते, कुणी साखर कारखान्यात लागले होते, कुणी कुठंच लागले नव्हते. दिले सगळ्यांनी. सरांनी त्यांना घडवलं, असं त्यांना वाटत होतं, आणि पहाटे साडेपाचला रोज मैदानावर येऊन उभा राहणारा माणूस दुसरा कोण होता? कोमलनंही पाचशे दिले. मी म्हणालो, "अगं, तू कशाला?" तर म्हणाली, "सगळी देत्यात. आन् सरांनी बूट घिऊन दिलं हुतं मला."

जत्रेच्या हिशेबात घातलेले ते अकराशे रुपये हिच्या लेखी सरांनी दिलेले बूट होते. तिला टोमणा मारता येत नव्हता. ती खरंच तसं समजत होती.

थैलीची रक्कम जमली आणि मी ती पुन्हा एकदा मोजून बघितली. ऑपरेशनला जेवढे लागत होते, साधारण तेवढीच ती होती. आदल्या दिवशी मी धीर केला. पलीकडं गेलो. सर कपाट आवरत होते.

"सर, उद्याची थैली स्टेजवरच कोमलला देऊन टाका. दोन वाक्यं बोला आणि द्या. पोरगी उभी राहील. आणि तुमचं तर आयुष्यभराचं तत्त्वच आहे."

त्यांनी कपाट लावून घेतलं आणि म्हणाले, "तुमची कल्पना चांगली आहे, भाऊसाहेब." मला पुढच्या भरतीत पळणारी कोमल दिसायला लागली. त्यांच्या मुलाच्या पुण्यातल्या फ्लॅटला पैसे कमी पडताहेत, हे मला भिंतीवरून ऐकून माहीत होतं. तरी मला वाटलं, हा माणूस उद्या हे करेल. अठरा वर्षं ज्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या, त्याच्याबद्दल त्या एका रात्रीपुरता मला आदर वाटला. तो आदर अजूनही माझ्या अंगाला खाजतो.

सत्काराला मंडप भरला होता. थैली द्यायला कोमललाच बोलावलं. स्टेजला चार पायऱ्या होत्या. प्रत्येक पायरीवर ती चांगला पाय आधी टाकायची आणि दुसरा ओढून घ्यायची. सगळा मंडप बघत होता. सर पुढं झाले, तिच्या हातातून थैली घेतली, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि माइकपाशी आले. डोळे भरून आले होते.

"मी आयुष्यात खेळातून एक रुपया घेतला नाही," ते म्हणाले. "खेळाडूंना घेऊ दिला नाही. आपण हौशी!"

मी खुर्चीत पुढं सरकलो.

"पण हा पैसा नाही. हे माझ्या मुलांचं प्रेम आहे. आणि प्रेमाला नाही म्हणायचा अधिकार मला नाही."

थैली त्यांनी कपाळाला लावली आणि बायकोकडं दिली. टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. फौजदार झालेले खेळाडू डोळे पुसत होते. कोमल स्टेजवर कडेला उभी राहून टाळ्या वाजवत होती. तिला माझ्या आदल्या दिवशीच्या बोलण्याची काहीच कल्पना नव्हती, एवढं एक बरं होतं. टाळ्या मीही वाजवल्या. माणसं उठून उभी राहिली तेव्हा मीही उठलो.

कोमलच्या घरच्यांनी एक गाय विकली, पाहुण्यांकडून उसने आणले आणि वर्षानं ऑपरेशन केलं. तोवर गुडघा झिजला होता. तरी ती भरतीला उतरली. आठशे मीटरच्या दुसऱ्या फेरीत पाय सटकला आणि ती आखलेल्या पट्ट्याच्या बाहेर जाऊन बसली. हे तिनंच मला सांगितलं, पणदऱ्याच्या दूध संकलन केंद्रावर, कॅनमधलं दूध मापून घेता घेता. आता ती तिथं काम करते. महिन्याला पगार मिळतो. फार नाही, पण मिळतो. "हितं बसून काम हाय, बरं हाय," ती म्हणाली.

सर मला सत्कारानंतर एकदाच भेटले, कोमलच्या त्या भरतीला दोनेक वर्षं झाल्यावर, इंदापूरच्या स्टँडवर. तहसील कचेरीत कुठल्याशा सातबाऱ्याच्या कामाला आले होते. बायको गेली होती. मुलानं फ्लॅट घेतला होता, पण त्यात यांना करमत नव्हतं. ट्रॅकसूट नव्हता. शर्ट गळ्यापाशी सैल झाला होता, हातातला चहा कपाबाहेर सांडत होता. मी त्यांच्या हातातून कप घेऊन बाकावर ठेवला. त्यांनी माझा हात धरून ठेवला. सोडेचनात.

"कुणी येत नाही हो भेटायला," ते म्हणाले. "खेळाडूंचे फोनसुद्धा येत नाहीत." मग एकदम उजळून म्हणाले, "आपली कोमल काय करते? लागली ना पोलिसात?"

मी सांगणार होतो, अगदी सगळं सांगणार होतो. दूध संकलन केंद्र, दुसरी फेरी, त्या थैलीत ऑपरेशनपुरते पैसे होते ते. अठरा वर्षांचं साठलेलं तोंडाशी आलं होतं आणि माझा हात अजून त्यांच्या हातात होता. मला त्यांची दया आली. दया ही फार वाईट वेळी येते.

"लागली, सर," मी म्हणालो.

त्यांनी डोळे मिटले. मग उघडले, तेव्हा ते पुन्हा पूर्वीचे सर झाले होते. पाठ ताठ, आवाज मैदानावरचा. "बघा! मी म्हणत नव्हतो? त्या दिवशी जत्रेचे पैसे तिला ठेवू दिले असते, तर आज ही पोरगी गावोगावच्या जत्रा हिंडत बसली असती. मी वाचवली तिला, भाऊसाहेब. ज्यांना पोरांना पैसे द्यायचेत, त्यांना हे सांगा."

माझ्याच शब्दानं त्यांना बरोबर ठरवलं होतं, आणि आता तो परत घ्यायचा तर आधी मीच खोटारडा ठरत होतो. तेवढ्यात पुण्याची गाडी लागली. मी त्यांची पिशवी आत दिली, खिडकीपाशी जागा मिळवून दिली. त्यांच्या शेजारी एक अनोळखी पोरसवदा माणूस बसला होता. गाडी सुटायच्या आधीच सर त्याच्याकडं वळून सांगायला लागले. काच बंद होती, मला काही ऐकू येत नव्हतं. पण त्यांनी आपल्या डाव्या बाहीवर तीन बोटं ओढून त्याला फिती दाखवलेल्या मला दिसल्या. भरती झाल्यावर दोन वर्षांत हवालदाराच्या तीन फिती कुणालाच मिळत नसतात. माझ्या खोट्याला त्यांनी स्टँड सुटायच्या आतच बढती देऊन टाकली होती, आणि तो माणूस मान डोलावत होता.